सनद मुंबईची, वकिली टोरांटोला

कॅनडात वकिली करायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, "परीक्षा किती अवघड असतात हो?" प्रत्यक्षात माणसं परीक्षेत कमी अडकतात. आधी अडकतात कागदपत्रांत, आणि सगळं पार पडल्यावर आर्टिकलिंगमध्ये, म्हणजे सनदेआधी वकिलाच्या हाताखाली करायच्या उमेदवारीत. म्हणून कागदांपासूनच सुरुवात करू.

परदेशी एलएलबी तपासते ती नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे एनसीए. ती सनद देत नाही. तुमचं शिक्षण कॅनडातल्या कायद्याच्या पदवीच्या तोडीचं झालं, एवढं प्रमाणपत्र देते. सनद देणार त्या त्या प्रांताची लॉ सोसायटी. क्वेबेक यातून वगळा. तिथली कायद्याची परंपरा फ्रेंच वळणाची, त्यामुळे वाट वेगळी. आणि पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, काढलेला डब्ल्यूईएसचा (पदव्या तपासणारी संस्था) रिपोर्ट एनसीएला चालत नाही. दोन्ही प्रक्रिया पूर्ण स्वतंत्र आहेत. एकाची फी भरून दुसरं झालं असं समजणारे कमी नाहीत.

एनसीएला गुणपत्रिका तुमच्याकडून नको असतात. ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाने पाठवायचं. तसंच सनद असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचं गुड स्टँडिंगचं, म्हणजे तुमची सनद सुरळीत चालू असल्याचं, प्रमाणपत्रही थेट कौन्सिलकडून जायला हवं. सनद घेऊन मधे कंपनीत पूर्णवेळ नोकरी धरली असेल आणि सनद स्थगित केली नसेल, तर तो घोळ इथे असतानाच निस्तरा. टोरांटोहून फोन करून फोर्टातल्या टेबलावरची फाइल हलत नाही.

नावाची भानगड तर आपल्याकडची खासच. पासपोर्टवर 'संध्या रमेश देशमुख', गुणपत्रिकेवर 'देशमुख संध्या रमेश' आणि शेवटी आईचं नाव. लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर आडनावही निराळं. कॅनडातल्या तपासणाऱ्याला यातलं आडनाव कुठलं हे कळायचं कारण नाही. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने भरा, पदवीवरचं नाव पूर्वीचं नाव म्हणून नोंदवा, आणि विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेट सोबत जोडा.

छाननीत बघतात ते पदवीचा कालावधी, वर्गात बसून शिकलात की पत्रद्वारे, कुठले विषय आणि गुण किती. तीन वर्षांची एलएलबी आहे की पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, याचा बाऊ करू नका, दोन्ही चालतात. मग विषय लावून देतात. पाच कोणालाच चुकत नाहीत: फाउंडेशन्स (कॅनडाच्या कायद्याची तोंडओळख), घटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी आणि वकिली व्यवसायाची आचारसंहिता. कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट, प्रॉपर्टी किंवा कंपनी कायद्यात मार्क काठावरचे असतील, तर त्यांची भर पडू शकते. शिवाय लीगल रिसर्च अँड रायटिंगची अट वेगळी.

प्रत्येक पेपर तीन तासांचा, ओपन बुक, ५० टक्क्यांना पास. 'ओपन बुक' ऐकून आपली मंडळी निवांत होतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडे 'टिपा लिहा' आणि 'सविस्तर चर्चा करा' यावर हात बसलेला असतो. एनसीएच्या पेपरात एक-दोन पानांची हकीकत देतात आणि 'तुमच्या अशिलाला सल्ला द्या' म्हणतात. व्याख्या उतरवून मार्क मिळत नाहीत.

उदाहरण घ्या. एका प्रांताने सरकारी नोकरांच्या धार्मिक चिन्हांवर बंदी घातली आणि कायद्यातच चार्टरचं, म्हणजे कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेचं, कलम ३३ लावलं. आपला विद्यार्थी हमखास 'घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही' या आपल्याकडच्या सिद्धान्ताकडे धावतो. कॅनडात तो सिद्धान्त चालत नाही. कलम ३३ वापरून विधिमंडळ कलम २ आणि ७ ते १५ यांवर मात करू शकतं, एका वेळी पाच वर्षांसाठी, आणि पाच वर्षांनी पुन्हा. मुद्दा सुरू होतो तो इथून: मोडलेला हक्क या यादीत आहे का? मतदानाचा हक्क, कलम ३, यादीत नाही. हक्क यादीत नसेल किंवा कलम ३३ लावलेलंच नसेल, तरच १९८६च्या ओक्स निकालाची कसोटी कलम १ खाली पायरीपायरीने लावायची: उद्देश, तर्कसंगत संबंध, कमीत कमी हस्तक्षेप, प्रमाणबद्धता. प्रत्येक पायरीवर प्रश्नातलं एकेक वाक्य बोट ठेवून दाखवायचं.

फौजदारीतही अशीच गफलत होते. आपल्याकडे फौजदारी कायदा समवर्ती सूचीत. तिथे कायदा करणं फक्त केंद्राकडे, न्यायदानाची यंत्रणा प्रांताकडे. २०१६च्या जॉर्डन निकालाने खटल्याला प्रांतीय न्यायालयात १८ आणि वरिष्ठ न्यायालयात ३० महिन्यांची मर्यादा घातली. आपल्या तारखांची सवय असलेल्याला हे आकडे छापण्यातली चूक वाटू शकतात.

प्रशासकीय कायद्यात १९९९चा बेकर आणि २०१९चा वाव्हिलोव्ह हे दोन निकाल मुळातून वाचा. वाव्हिलोव्हच्या आधीच्या नोट्स कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नका, कारण रिव्ह्यूचा निकष, म्हणजे न्यायालयाने सरकारी निर्णय किती कसून तपासायचा तो, तिथे बदलला. अभ्यासक्रम एनसीएच्या संकेतस्थळावर मिळतो. ज्या सत्राला बसणार त्याचाच उतरवून घ्या. आचारसंहितेचा पेपर सोपा म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आपल्याकडे निकालावर ठरणारी फी निषिद्ध आणि जाहिरात जवळजवळ बंद; तिथे दोन्हींना अटींसह परवानगी आहे. सवयीने लिहिलेलं उत्तर सरळ चुकतं.

एनसीएनंतर ओंटारिओत बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन बहुपर्यायी परीक्षा. त्याही ओपन बुक, पण साहित्याची पानं इतकी की स्वतःचा इंडेक्स नसेल तर वेळ पानं उलटण्यातच जातो. नंतर आठ महिन्यांचं आर्टिकलिंग. ही जागा मिळणं सगळ्यात कठीण, कारण ओळखीपाळखी शून्य. पर्याय म्हणून लॉ प्रॅक्टिस प्रोग्राम आहे, चार महिने शिक्षण आणि चार महिने काम. नागरिकत्व मात्र लागत नाही. ती अट सर्वोच्च न्यायालयाने १९८९च्या अँड्र्यूज खटल्यात रद्द केली. सनद मिळेपर्यंत मंदिरात भेटलेल्या कोणाची इमिग्रेशनची फाइल पैसे घेऊन भरून देऊ नका. त्याला वेगळा परवाना लागतो, 'इंडियात वकील होतो' हे पुरत नाही.

कॉमन लॉ देशात किमान दहा महिने वकिली केलेल्यांना ओंटारिओत आर्टिकलिंगमधून सूट मागता येते. अडचण अशी की सीनिअरकडे ज्युनिअर म्हणून केलेल्या कामाची ना पगारपत्रक ना नेमणुकीचं पत्र. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी सीनिअरकडून तारखांसह, कामाच्या तपशिलासह पत्र लेटरहेडवर घ्या, आणि तुमचं नाव असलेले वकालतनामे व रोजनाम्याच्या प्रती एका फाइलीत लावून ठेवा.