बारा वॅट, एक तार आणि कमी झालेली खरखर : सीबी डीएक्सची प्रगती-नोंद

मागच्या नोंदीला साडेचार महिने झाले. सीबी म्हणजे सामान्य लोकांसाठीचा छोटा बोलायचा रेडिओ आणि डीएक्स म्हणजे त्यावरून दूरच्या स्टेशनांशी केलेले संपर्क. वहीत असे एकतीस नवे संपर्क चढले, त्यातले एकोणीस दीड हजार किलोमीटरच्या पलीकडचे. सगळे ११ मीटरच्या बँडवर (हे नाव तरंगलांबीवरून), ठरलेल्या ४० चॅनेलच्या आत, म्हणजे २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्‌झमध्ये, आणि एसएसबीवर (लहरीची एकच बाजू पाठवण्याची पद्धत) कमाल १२ वॅटच्या मर्यादेत. ॲम्प्लिफायर नाही आणि घ्यायचाही नाही. (देशागणिक चॅनेल, ताकद आणि एसएसबीचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत तर दूरच्या संपर्कांवरची बंदी २०१७ मध्ये उठली. तेव्हा आपल्याकडचा नियम वाचूनच माइक हातात घ्या.)

एवढा फरक पडला तो मला ऐकू यायला लागलं म्हणून.

आधी रिकाम्या चॅनेलवरही माझ्या एस-मीटरची (सिग्नलची ताकद दाखवणारं माप) सुई एस-७ ला टेकलेली असायची. बँडच असा असतो, अशी मी समजूत करून घेतली होती. मग एका रात्री रेडिओ बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच बंद केला. सुई एस-३ वर आली. कानांनी तो फरक ऐकल्यावर मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. खरखरीच्या जागी एक मऊ सळसळ होती आणि तिच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं.

चार एस-युनिट म्हणजे २४ डेसिबल. समोरच्याने ताकद अडीचशे पट वाढवली असती तर जेवढा फायदा झाला असता, तेवढा मला एका स्विचने मिळाला. सीबीवरचे एस-मीटर फारसे नेमके नसतात हे खरं, पण कान खोटं सांगत नाहीत. नंतर एकेक स्विच चालू करत गेलो, तेव्हा दोन गुन्हेगार सापडले: एलईडी पट्टीचा अडॅप्टर आणि लॅपटॉपचा चार्जर. अडॅप्टर बदलला, चार्जरच्या वायरीवर फेराइट (नॉइज अडवणारं चुंबकीय कडं) चढवलं. तरी थोडी खरखर उरलीच. घरातला नॉइज कोॲक्सच्या (रेडिओपासून अँटेनाला जाणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून अँटेनापर्यंत चढत होता. ३१ मिक्स प्रकारच्या मोठ्या फेराइट कड्यातून कोॲक्सचे आठ वेढे घेऊन तो चोक अगदी फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, बसवला, तेव्हा सुई पुन्हा एस-३ च्या आसपास स्थिरावली.

अँटेना साधा आडवा डायपोल आहे, म्हणजे मधून केबल जोडलेली दोन बाजूंची तार. हिशेबाने प्रत्येक बाजू २.६३ मीटर येते. मी मुद्दाम २.७५ मीटर कापली, कारण तार कमी करता येते, वाढवता येत नाही. पहिल्या मापाला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला आहे याचं माप, १ म्हणजे उत्तम) चॅनेल १ वर १.९ आणि चॅनेल ४० वर २.४ होता. खालच्या टोकाला कमी आणि वरच्या टोकाला जास्त, म्हणजे तार लांब आहे. दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कापत गेलो. आता मधल्या चॅनेलला १.२ आहे आणि दोन्ही टोकांना १.५ च्या आत. उंची साडेपाच मीटर, म्हणजे जवळपास अर्धी तरंगलांबी. आणखी उंच चढवता आला तर किरण आणखी खालच्या कोनात सुटतील. जवळची स्टेशनं उभ्या अँटेनावर असतात, ती मला आता क्षीण येतात. स्किपवर (आयनावरणावरून परतून येणाऱ्या लांबच्या सिग्नलवर) मात्र त्याचं काही अडत नाही, आयनावरणातून येता येता ध्रुवीकरण, म्हणजे लहरीचं आडवं-उभं असणं, तसंही फिरून जातं.

आता जूनमधली ती सकाळ. चॅनेल ३८, एलएसबी (एसएसबीची खालची बाजू), २७.३८५ मेगाहर्ट्‌झ. आदल्या पंधरा मिनिटांत काही नव्हतं. मग दूर बदकासारखा आवाज आला. क्लॅरिफायर (बारीक जुळवणीचा नॉब) केसभर फिरवला, अजून केसभर, आणि तो आवाज एकदम माणसाचा झाला: मधेच श्वास घेणारा, आकडे सावकाश उच्चारणारा. डिव्हिजन १ (११ मीटरवाले देशांना असे क्रमांक देतात), म्हणजे इटली. मी लगेच कॉल दिला नाही. तो कुणाशी बोलतोय, कुठे थांबतो, हे दोन फेऱ्या ऐकलं. त्याने "क्यूआरझेड" (कोण बोलावतंय?) म्हणून जागा सोडली, तेव्हा फक्त माझा डिव्हिजन आणि युनिट नंबर एकदा म्हटला. त्याने माझा नंबर अर्धा परत केला. मी उरलेला अर्धाच सांगितला, सगळा नव्हे. सिग्नल कसा येतोय त्याचे ५-५ दिले, ५-३ घेतले, ७३ आणि ५१ अशा शुभेच्छा झाल्या, आणि चाळीस सेकंदांनी तो विरून गेला. वहीत वेळ लिहिताना हात थरथरत होता.

तो स्पोरॅडिक-ई होता. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर आयनांचे दाट ढग तयार होतात आणि एका उडीत साधारण दोन हजार किलोमीटर गाठता येतात. उत्तर गोलार्धात याचा मोसम मे ते ऑगस्ट. त्याहून वरच्या एफ-२ थराची उडी चार हजारांपर्यंत जाते, पण तिला सूर्याची साथ लागते. पंचविसावं सौरचक्र (सूर्याच्या सक्रियतेचा चढउतार) डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या ऐन भराचा काळ आल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. आता उतरण आहे. एफ-२ ची दारं वर्षागणिक कमी उघडतील, म्हणून ज्यांना लांबचं गाठायचंय त्यांनी आत्ताच बसावं असं मला मनापासून वाटतं.

बँड उघडा आहे का, हे कळायला मी दुसऱ्या रिसीव्हरवर २८.२०० मेगाहर्ट्‌झ ऐकतो. तिथे जगभरातल्या अठरा बीकनची (आपोआप खूण पाठवणाऱ्या स्टेशनांची) पाळी असते, प्रत्येकी दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. कॉलसाइन आणि पहिली लांब शिट्टी १०० वॅटची, मग १० वॅटची, १ वॅटची आणि ०.१ वॅटची. १ वॅटची शिट्टी कानावर आली की माझे बारा वॅटही त्या दिशेला पोचण्याजोगे आहेत. २८.२ उघडा असेल तर २७ बहुतेक उघडाच असतो. परवा संध्याकाळी केनियाचा ५झेड४बी १ वॅटपर्यंत स्पष्ट ऐकू आला. लगेच चॅनेल ३८ वर दहा मिनिटं कॉल दिले, उत्तर आलं नाही. बँड उघडा होता, पलीकडे कुणी बसलेलं नसावं. ती वेळ लिहून ठेवली आहे. पुढचे पंधरा दिवस त्याच वेळी आधी बीकन, मग कॉल, असं करतो आहे. मधल्या एखाद्या रविवारी डायपोल दीड मीटर वर न्यायचा आहे, खांबासाठी दोरी आणून ठेवली आहे.