आधी ठिपके मोज

कढीपत्त्याची कुंडी आईची. माझा तिच्याशी संबंध फोडणीपुरता. मागच्या श्रावणात तिच्या कोवळ्या पानांवर पाखरांनी घाण केल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. आईने तांब्याने पाणी मारलं. घाण जागची हलली नाही. मग ती झाडूच्या काडीने खरवडायला गेली, तर त्या घाणीने डोक्यातून दोन टोकांचं लालसर शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सोडला. आई दोन पावलं मागे सरकली. ऐंशीच्या घरातली बाई, कोकणात साप-विंचू बघत वाढलेली, आणि बोटाच्या पेराएवढ्या जिवाने तिला दचकवलं. "अगं, ही घाण जिवंत आहे!"

ती कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराची अळी होती. हे मला भाचीने सांगितलं. भाची आठवीत आहे, शनिवार-रविवार आमच्याकडे बदलापूरला असते, आणि फुलपाखरांवरून तिच्याशी वाद घालू नये हे मला आता कळलंय. तेव्हा कळलेलं नव्हतं. फुलपाखरू ओळखायचं म्हणजे रंग बघायचा, अशी माझी साधी समजूत. साडीच्या दुकानात सांगतो तसं: ते केशरी दाखवा, त्याला काळा काठ असलेलं.

पहिला दणका त्याच शनिवारी बसला. मारुतीच्या हारासाठी रुईची पानं आणायला आम्ही नदीकडच्या रस्त्याला गेलो होतो. तिथल्या रिकाम्या प्लॉटवर रुई माजलेली, आणि तिच्यावर एक केशरी फुलपाखरू रेंगाळत होतं. पुढच्या पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरा तिरका पट्टा. एवढं मला येत होतं. "प्लेन टायगर," मी ऐटीत म्हणाले. भाचीने मान डोलावली. चार पावलांवर गवतात दुसरं बसलेलं, हुबेहूब तसंच. मी पुन्हा तेच नाव घेतलं.

"मावशी, आधी ठिपके मोज."

"कुठले ठिपके?"

"मागच्या पंखावरचे."

मी वाकले. एका हातात रुईची पानं, चीक बोटांवर ओघळतोय, चष्मा नाकावर घसरलेला. फुलपाखरू पंख उघडत-मिटत बसलेलं. मागच्या पंखावर एकच काळा ठिपका दिसला, तोही अगदी वरच्या कडेला. रुईवरच्या पहिल्या फुलपाखराला पंखाच्या मधोमध तीन होते. नर असता तर चार दिसले असते; चौथा म्हणजे त्याची गंधाची पिशवी. आणि हे एका ठिपक्याचं कोण? डॅनेड एगफ्लाय या भलत्याच फुलपाखराची मादी. मराठीत त्याला छोटा चांदवा म्हणतात.

सोंग घेण्यामागचं कारण त्या चिकातच आहे. प्लेन टायगरची अळी रुई खाऊन वाढते, रुईतलं विष अंगात साठवते, ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एखाद्या पक्ष्याने एकदा चव घेतली की तो पुन्हा त्या केशरी रंगाच्या वाटेला जात नाही. चांदव्याची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. तीच घोळ, जी आपण डाळ घालून परततो. आता घोळ खाऊन कुणी विषारी होत नाही, म्हणून चांदव्याची मादी टायगरचे कपडे घालून हिंडते. नर मात्र या भानगडीत पडत नाही. काळेभोर पंख, त्यांवर पांढऱ्या चांदण्यांच्या तीन जोड्या आणि प्रत्येकीभोवती जांभळट-निळी झळाळी. शेजारी ठेवले तर हे नवरा-बायको आहेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

तेव्हापासून मी रंगाचा भरवसा सोडला. रंग म्हणजे फुलपाखराने स्वतःबद्दल केलेली जाहिरात, आणि जाहिरात कितपत खरी मानायची हे आपण जाणतोच. नवख्याने बघायच्या त्या कानाकोपऱ्यातल्या गोष्टी: मागच्या पंखाला शेपटी आहे का, कडेला ठिपक्यांची रांग एक की दोन, पंख मिटल्यावर खालची बाजू कशी दिसते. आणि जे बघायला मी सगळ्यात उशिरा शिकले ते म्हणजे धड. पंखांच्या थाटात धडाकडे कोण बघतो?

पण कॉमन मॉर्मनच्या बाबतीत सगळं धडावरच ठरतं. नर सरळमार्गी: काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा, शेपटी. मादीची मात्र तीन रूपं. एक नरासारखंच. दुसरं कॉमन रोझसारखं, म्हणजे मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. तिसरं क्रिमझन रोझसारखं. ही दोन्ही रोझ फुलपाखरं सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि विषारी असतात. रोझचं धड लालभडक असतं, मॉर्मनच्या मादीने मात्र पंख रंगवले आणि धड काळंच ठेवलं. नाटकात राजाचा अंगरखा घालून आलेल्या नटाच्या पायात रबरी चप्पल दिसावी, तसं. उडण्यातही फरक आहे. रोझ निवांत तरंगत जातं. आपल्याला कुणी खात नाही हे त्याला ठाऊक असल्यासारखं. मॉर्मनची सोंगाडी मादी मात्र दचकली की घाईघाईत सटकते.

नावांचं म्हणाल तर आपल्याकडच्या फुलपाखरांची इंग्रजी नावं साहेबांच्या काळातली आणि वाचताना छावणीत शिरल्यासारखं वाटतं: कमांडर, कमोडोर, सार्जंट, शिवाय राजा, नवाब, बॅरन. मॉर्मन हे नावही त्या पंथातल्या बहुपत्नीत्वावरून पडलं म्हणतात, मादीची रूपं अनेक म्हणून. आता मराठी नावंही रुळू लागली आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं (असं करणारं हे देशातलं पहिलंच राज्य), तेव्हा राणी पाकोळी हे त्याचं नाव पेपरात झळकलं. ते ओळखायला मात्र काहीच शिकावं लागत नाही. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटीमीटर, मखमली काळा रंग, मागच्या पंखांवर निळाईचा शिडकावा, शेपटी नाही. पावसाळ्यात कोंडेश्वरच्या वाटेवर ते समोरून गेलं तेव्हा आईसुद्धा रिक्षातून म्हणाली, "बघ बघ, केवढं!"

आईचं आवडतं मात्र वेगळं आहे. हळदीकुंकू. पुस्तकात त्याला कॉमन जेझबेल म्हणतात. ते आमच्या इमारतीमागच्या आंब्यावर घिरट्या घालत असतं, कारण त्या आंब्यावर बांडगूळ आहे आणि त्याच्या अळ्या बांडगुळावर वाढतात. उडताना ते पांढरं दिसतं, काळ्या शिरांचं, तसं बेताचंच. बसून पंख मिटले की खालची बाजू दिसते: मागच्या पंखावर पिवळी हळद आणि कडेने कुंकवाची बोटं उमटवल्यासारखे लाल ठिपके. बाकीचे लोक भरजरी बाजू वर ठेवतात, याने अस्तरालाच जर लावलीय. म्हणून भाचीचा नियम असा की फोटो काढायचा तर आधी मिटलेल्या पंखांचा. उघडलेल्या पंखांचा मिळाला तर वरकमाई.

हा नियम सगळ्यात जास्त कामाला येतो तो नखाएवढ्या निळ्या फुलपाखरांना. ती वरून सगळी सारखीच निळसर-करडी. खाली मात्र कुणाला झेब्र्यासारखे पट्टे, कुणाला लाटा, कुणाला काळे टिपके. झेब्रा ब्लू आमच्या कोपऱ्यावरच्या चित्रकाच्या कुंपणाशी हमखास असतं. यातल्या बऱ्याच जणांच्या मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी आणि तिच्या मुळाशी डोळ्यासारखे दोन ठिपके असतात. बसल्यावर ते मागचे पंख एकमेकांवर हळूहळू घासतं, शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि डोकं मागे आहे असा भास होतो. पक्षी चोच मारतो ती त्या खोट्या डोक्यावर. मी पाहिलेल्या एकाच्या मागच्या पंखांचा तिथलाच त्रिकोणी तुकडा गेलेला होता, आणि ते खुशाल उडत होतं.

सगळंच ओळखता येतं असं समजू नका. पश्चिम घाटात सव्वातीनशेहून अधिक जाती आहेत, माझी गाडी चाळिशीच्या आसपास अडकलीय. गवतातली पिवळी छोटी फुलपाखरं दिसली की मी लांबूनच नमस्कार करते. त्यांच्यात फरक करायचा म्हणजे पंखाखालच्या तपकिरी टिकल्या तपासायच्या आणि ती एका जागी बसत नाहीत. कॉमन इव्हनिंग ब्राउनने तर मला दोनदा फसवलं. पावसाळ्यात संध्याकाळी ते दिव्याला घरात आलं तेव्हा पंखाखाली डोळ्यांची छान रांग होती. ती मी वहीत काढून ठेवली. दिवाळीनंतर भिंतीवर वाळकं पान चिकटलेलं दिसलं, म्हणून काढायला गेले तर ते उडालं. तेच फुलपाखरू. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीला डोळे जवळजवळ नसतातच, सगळा वाळक्या पाचोळ्याचा वेश. वहीतल्या चित्राखाली आता दोन तारखा आहेत.

तर, कढीपत्ता. आई आणि भाची यांच्यात तह झाला: उजवीकडची फांदी अळ्यांना, डावीकडची फोडणीला. अळ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पंधरवड्यात त्या गुबगुबीत हिरव्या झाल्या आणि त्यांनी डावीकडेही पाय पसरले. शेवटी एकच हाती लागली, बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे; बुलबुलाच्या जोडीवर माझा संशय आहे. त्या एकीने देठाशी स्वतःला रेशमाच्या धाग्याने कमरेत बांधून घेतलं, बाळाला झोळीत बांधावं तसं, आणि हिरवा कोष केला.

अकराव्या दिवशी सकाळी कोषाचा रंग काळपट झाला होता. भाचीला फोन लावला, ती शाळेत. साडेआठच्या सुमारास कोष फाटला आणि ओल्या, चुरगळलेल्या पंखांचं काहीतरी बाहेर आलं, धुवून पिळलेल्या रुमालासारखं. ते फांदीला उलटं लटकून राहिलं आणि पंख हळूहळू उलगडत गेले. धड काळं. शेपटी आहे. मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग आला, मग कडेला एकेक लाल चंद्रकोर.

"मादी आहे," मी आईला म्हटलं. "रोझचं सोंग घेतलेली. धड बघ, काळं आहे की नाही?"

आईने चष्मा वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिची नजर वर गेली, उघड्याबोडक्या फांद्यांकडे.

"छानच आहे गं," ती म्हणाली. "आता खाली जाऊन पाच रुपयांचा कढीपत्ता घेऊन ये. आमटी खोळंबलीय."