कपाळावरचा बुक्का

सोलापुरात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या कोणालाही आषाढी एकादशीनंतरचे आठवडे चांगले ओळखीचे असतात. चालून सोललेले तळपाय, जांघेतला नायटा, घामोळे आणि उन्हाने रापलेले चेहरे घेऊन वारकरी परतीच्या वाटेवर दवाखान्यात येतात आणि त्यांतील बहुतेकांचे दुखणे पाच मिनिटांत निकालात निघते. दोन वर्षांच्या खंडानंतर 2022 मध्ये वारी पुन्हा पूर्ण भरली, त्या वर्षी याच गर्दीत पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आले. ते वारी चालून आलेले नव्हते. वारीच दरवर्षी त्यांच्या दारात येत असे. पंढरपुरात त्यांचे पूजासाहित्याचे वडिलोपार्जित दुकान होते आणि गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत.

दोन्ही पापण्या सुजलेल्या, त्यांवर बारीक खवले, गालांवर आणि मानेवर खाजून खाजून जाड झालेली त्वचा, आणि कपाळाच्या मधोमध निळसर तपकिरी रंगाचा एक डाग, अशी त्यांची अवस्था होती. सोबत आलेल्या मुलाने औषधांच्या दुकानातून वेळोवेळी आणलेल्या ट्यूब पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. त्यांतील बहुतेक तीव्र स्टेरॉइडच्या होत्या. लावल्या की चार दिवस बरे वाटे आणि थांबवल्या की दुखणे दुप्पट जोराने उलटे. त्याखेरीज चंदन उगाळून लावणे, लिंबाचा रस चोळणे आणि उटण्याने तोंड धुणे हेही करून झाले होते. हे सगळे उपाय नैसर्गिक असल्यामुळे त्यांनी अपाय होणे शक्यच नाही, अशी घरातल्यांची खात्री होती.

कारणाबद्दलही त्यांचे मत पक्के झालेले होते. “ऊन बाधतंय मॅडम, दुसरं काय नाही. टाळेबंदीत घरात बसून होतो, तर तोंड आरशासारखं झालं होतं.” हा पुरावा वजनदार होता, यात शंका नाही. परंतु टाळेबंदीत ऊन जसे टळले होते तसे दुकानही बंद होते. मी दुकानातल्या अगरबत्ती, धूप, अत्तर, अष्टगंध आणि बुक्क्याचा विषय काढताच त्यांनी तो हसून उडवून लावला. करोनात त्यांचा वास गेला होता आणि तो नीट परत आलाच नव्हता. नवा माल आला की तो हुंगून पारखण्याचे काम आता मुलगा करत असे. ज्या माणसाला वासच येत नाही त्याला वास बाधेल कसा, असा त्यांचा बिनतोड वाटणारा प्रश्न होता.

उन्हाचा आरोप मात्र त्यांच्या चेहऱ्यानेच खोडून काढला. उन्हाने होणारा त्वचादाह नाकाचा शेंडा, गालाचा उंचवटा, मानेचा मागचा भाग अशा उघड्या जागा पकडतो आणि जिथे सावली पडते त्या जागा सोडून देतो. वरच्या पापणीची घडी, कानामागची खोबण आणि हनुवटीखालचा त्रिकोण या जागा सहसा कोऱ्या राहतात. या गृहस्थांच्या नेमक्या त्याच जागा सर्वाधिक बिघडलेल्या होत्या. हवेतून येऊन बसणाऱ्या पदार्थाला सावलीची पर्वा नसते. तो घडीत शिरतो आणि घामात विरघळून तिथेच राहतो. आपल्या भागात असे चित्र दिसले की पहिला संशय गाजरगवतावर जातो. हे तण पुण्याच्या परिसरात 1950 च्या दशकात प्रथम नजरेस आले आणि त्यानंतर त्याने इतक्या शेतकऱ्यांचे चेहरे बिघडवले आहेत की आम्हा त्वचारोगतज्ज्ञांची नजर आपोआप तिकडे वळते. दुकानामागच्या मोकळ्या जागेत ते माजलेले आहे, हेही मुलाने सांगितले. केवळ डोळ्यांनी पाहून या दोन आरोपींत निवाडा करता येत नाही. त्यासाठी पॅच टेस्ट करावी लागते.

ही चाचणी 1895 मध्ये जडासोन या जर्मन डॉक्टरांनी मांडली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. संशयित पदार्थ अत्यल्प प्रमाणात व्हॅसलिनसारख्या माध्यमात मिसळून ॲल्युमिनियमच्या छोट्या वाट्यांत भरतात, त्या वाट्या चिकटपट्टीने पाठीवर बसवतात, 48 तासांनी काढतात आणि त्या वेळी व पुन्हा 96 तासांनी त्वचा पाहतात. दुसरी पाहणी महत्त्वाची असते, कारण ही ॲलर्जी शिंका आणणाऱ्या किंवा गांधी उठवणाऱ्या ॲलर्जीसारखी मिनिटांत प्रकट होत नाही. रक्तातील टी पेशी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी, त्या पदार्थाला ओळखून तिथे जमायला दोन ते चार दिवस घेतात. तेवढे दिवस पाठ कोरडी ठेवावी लागते, घाम येईल असे काम वर्ज्य असते, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या व पाठीवरची मलमे आधीपासून थांबवावी लागतात. त्यामुळे आधी सुगंधरहित मलम आणि टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले दाहशामक मलम देऊन चेहरा शांत केला आणि उकाडा उतरल्यावर, गणपतीनंतर, त्यांना बोलावले. येताना दुकानातला रोज हाताळला जाणारा माल थोडाथोडा कागदाच्या पुड्यांत आणायला सांगितले.

त्यांनी आणलेल्या पुड्यांत कुंकू, अष्टगंध, अगरबत्तीचा चुरा आणि दोन प्रकारचा बुक्का होता. एक सुट्ट्याने खपणारा स्वस्त बुक्का, ज्यात बाजारातले तयार सुगंधी द्रव्य मिसळलेले असते असे त्यांनीच सांगितले. दुसरा नागरमोथा, कापूरकाचरी, वाळा आणि दवणा कुटून केलेला महागडा बुक्का, जो ते स्वतः रोज कपाळाला लावत असत. निकेल, सिमेंटमधले क्रोमेट, केसांच्या कलपातले रसायन, गाजरगवत आणि सुगंधी मिश्रण असलेल्या आमच्या नेहमीच्या मालिकेच्या शेजारी त्यांच्या पुड्यांतले पदार्थही लावले. असा माल जात्याच जळजळ करणारा असेल तर कोणाच्याही पाठीवर लाली येईल, म्हणून दोन्ही बुक्के मी माझ्या आणि माझ्या सहायिकेच्या दंडावरही तितकाच वेळ बांधून ठेवले. आमची त्वचा स्वच्छ राहिली.

चौथ्या दिवसाची पाहणी मला आजही लख्ख आठवते. गाजरगवताची जागा पूर्ण कोरी होती. कलपाची कोरी, कुंकवाची कोरी. सुगंधी मिश्रणाच्या जागी मात्र लाल, उंचावलेला, बारीक पुरळ भरलेला गोल होता आणि बाल्सम ऑफ पेरू या सुगंधी डिंकाच्या जागीही फिकट लाली होती. ते सुगंधी मिश्रण म्हणजे आठ पदार्थांचा गट असतो: दालचिनीच्या वासाची द्रव्ये, लवंगेतले युजेनॉल आणि त्याचे भावंड, गुलाबात व रोशा गवतात असणारे जिरॅनिऑल, दगडफुलाच्या जातकुळीतले ओकमॉस इत्यादी. दोन्ही बुक्क्यांच्या जागा उमटल्या होत्या आणि त्यांत महागड्या, शुद्ध बुक्क्याचा गोल अधिक ठळक होता. मुलाने मोबाइलवर पाठीचे छायाचित्र काढून वडिलांना दाखवले. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे भेसळीचा नाही, चांगलाच बाधला.”

भेसळ आणि शुद्धता हा भेद बाजारात महत्त्वाचा असला तरी टी पेशींना तो कळत नाही. युजेनॉल लवंगेतून आलेले असो वा कारखान्यातून, त्याचा रेणू एकच असतो. त्वचेच्या ॲलर्जीत नाकाचा संबंधही नसतो. अत्तराच्या भपक्याने अर्धशिशी उठणारे किंवा दम्याची धाप लागणारे रुग्ण वेगळे. त्यांच्यात वासाची जाणीव आणि श्वासमार्गाचा क्षोभ यांचा भाग मोठा असतो. या गृहस्थांच्या बाबतीत रेणू त्वचेला लागणे पुरेसे होते, मग तो हुंगला जावो वा न जावो. वास गेल्याने ते सुरक्षित झाले नव्हते. उलट सुट्ट्या मालाचा धुरळा किती उडतो आहे, याची सूचना देणारा पहारेकरीच नाहीसा झाला होता.

एवढ्यात मुलाने मोबाइलवर युजेनॉल शोधले आणि तुळशीतही ते असते असे वाचून दाखवले. ते खरेच आहे. तुळशीच्या पानांच्या तेलात युजेनॉल भरपूर असते. गृहस्थांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. दुकान सोडावे लागेल का, हा प्रश्न त्यांनी तोवर विचारला नव्हता. माळेचा मात्र लगेच विचारला. माळकऱ्याने माळ उतरवणे म्हणजे काय, हे इथल्या डॉक्टरला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मी त्यांना दिव्याखाली बसवून माळेखालची त्वचा तपासली. हनुवटीखालचा भाग खरखरीत होता, पण मणी जिथे वर्षानुवर्षे घासले गेले होते ती रेषा आणि तिच्याखालची छाती नितळ होती. माळ पानांची नसते, वाळलेल्या लाकडाची असते. तरीही त्यांच्या समाधानासाठी पुढच्या खेपेस न ओवलेल्या मण्यांचा कीस पाठीवर बांधून पाहिला आणि त्या जागेवर काहीच उमटले नाही.

कपाळाच्या डागाचे कोडेही त्या दिवशी सुटले. सुगंधी द्रव्यांच्या ॲलर्जीत कधी कधी खाज किंवा पुरळ फारसे न येता केवळ रंगद्रव्य खोल उतरते आणि निळसर करडा डाग राहतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत हे अधिक दिसते. लोक त्याला वांग समजून त्यावर आणखी सुगंधी क्रीम लावतात. गोपीचंदनाच्या टिळ्याखाली बुक्क्याचा ठिपका जिथे लागतो, डाग बरोबर तिथेच होता. मी बुक्का बंद करायला सांगितला तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून विचारले, “गोपीचंदन चालेल?” ती माती आहे, तिला सुगंध नसेल तर चालेल, असे मी म्हणाले. “मग झालं की,” ते म्हणाले. मी मनात जमवून ठेवलेला युक्तिवाद वाया गेला.

दुकानाचा प्रश्न इतका सहज सुटणारा नव्हता. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते आणि ती घालवणारे औषध नाही; संपर्क टाळणे हाच उपाय. परंतु उत्पन्नाचे एकमेव साधन असलेल्या माणसाला व्यवसाय सोडा असे सांगून मोकळे होणे मला पटत नाही, म्हणून एका रविवारी मी दुकानच पाहून आले. समोरच्या गल्ल्यापाशी नमुन्याची अगरबत्ती दिवसभर जळत होती. मागच्या खोलीत बुक्क्याचे पोते उघडे होते, त्यातून मापाने पुड्या भरल्या जात आणि छताचा पंखा ती काळी भुकटी थेट बसणाऱ्याच्या तोंडावर आणत असे. मी दाखवण्याआधीच मुलाच्या ते लक्षात आले. त्यांनी पुड्या बांधलेला माल घ्यायला सुरुवात केली, पुड्या भरणे मागच्या खोलीतून हलवले, नमुना विझवला, आणि वडिलांसाठी टाळ, चिपळ्या, माळा, हरिपाठ व गाथा यांचा वेगळा कोपरा केला. पुडीमागे नफा थोडा कमी झाला, असे मुलाने स्पष्ट सांगितले.

घरातला भाग किचकट होता. युरोपात 2005 पासून सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर 26 सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापुढे नावानिशी छापावे लागतात आणि ती यादी आता आणखी वाढली आहे. आपल्याकडच्या साबणावर बहुधा ‘परफ्यूम’ एवढाच शब्द असतो. ‘वासरहित’ लिहिलेल्या वस्तूत मूळचा वास झाकण्यासाठी घातलेले द्रव्यही असू शकते. म्हणून कोणतीही नवी वस्तू कोपराच्या खोबणीत दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावून पाहायची आणि काही उमटले नाही तरच वापरायची, अशी पद्धत त्यांना घालून दिली. पत्नीचे मोगऱ्याच्या वासाचे केसांचे तेल उशीवरून त्यांच्या गालाला लागत होते. तिने कुरकुर न करता घाण्याचे खोबरेल सुरू केले. न्हाव्याकडची दाढीनंतरची पावडर मात्र त्यांना दोनदा महागात पडली.

कार्तिकीनंतर ते आले तेव्हा पापण्या मऊ झाल्या होत्या, कपाळाचा डाग थोडा फिकटला होता. पूर्ण जायला वर्ष तरी लागेल, कदाचित छटा राहीलही, हे मी त्यांना सांगितले. त्यांची अडचण आता निराळी होती. कीर्तन संपल्यावर, किंवा दोन वारकरी भेटल्यावर, समोरचा माणूस चिमटीत बुक्का घेऊन कपाळाला लावतो आणि एकमेकांच्या पायां पडतात. तिथे मान मागे घेणे म्हणजे माणसालाच नाकारल्यासारखे होते. त्यावर त्यांनीच तोड काढली होती. हात जोडून ते टोपी पुढे करत आणि म्हणत, “माउली, टोपीला लावा.” ते चालेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. टोपीच्या कडेवरून भुकटी घामाबरोबर खाली ओघळेल, तेव्हा पुढच्या कडेला नको, शेंड्याकडे लावून घ्या आणि घरी गेल्यावर टोपी वेगळी धुवा, असे मी सांगितले. एका वयस्क महाराजांनी तरीही ऐकले नव्हते आणि कपाळालाच बुक्का लावला होता. त्या दिवशी यांनी पाया पडून, नळावर जाऊन लगेच कपाळ धुतले आणि मग पंगतीला बसले.