कडं डुगडुगतंय हो!

अंतराळातल्या साहसकादंबरीत पुढे काय होणार हे दहाव्या पानावरच कळतं, आणि तरी आपण तीनशेव्या पानापर्यंत जातो. एक टोळी जमते. तिच्यात सगळं जग बघून कंटाळलेला एक पुरुष असतो. एक चिडका आणि लढवय्या, एक भित्रा पण हुशार, आणि एक तरुण मुलगी, जिला सोबत का घेतलंय हे तिला सोडून कुणाला तरी पक्कं माहीत असतं. यान असतं ते कोसळण्यासाठीच. कोसळतं तिथे एकेकाळी थोर असलेली, आता मातीला मिळालेली संस्कृती सापडते आणि तिथली भोळी माणसं आपल्या मंडळींना देव समजू लागतात.

हे वर्णन शंभर कादंबऱ्यांना चालेल. मी मात्र ते लॅरी निव्हेन या अमेरिकन लेखकाच्या ‘रिंगवर्ल्ड’वरून लिहिलंय. १९७० ची ही कादंबरी. ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार तिने पटकावले. आमच्याकडे तिची एकच प्रत आहे, मुखपृष्ठ चिकटपट्टीने धरून ठेवलेली, आणि ती नातेवाइकांत नि शेजारीपाजारी सतत फिरतीवर असते. परत आणून देणारा माणूस पुस्तकासोबत आपलं मतही टेबलावर ठेवून जातो. कोणी विचारलेलं नसतं. खरं सांगायचं तर मला आता कादंबरीपेक्षा या मतांचीच गोडी जास्त.

आधी ते कडं डोळ्यांपुढे आणा, नाहीतर भांडण कशावरून आहे ते कळायचं नाही. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे, साधारण तितक्या अंतरावर एका ताऱ्याला वेढा घालून कुणीतरी एक अखंड पट्टी बांधलेली आहे. रुंदी सोळा लाख किलोमीटर. आतल्या अंगाला डोंगर, नद्या, समुद्र, ढग. हवा सांडू नये म्हणून दोन्ही कडांना सोळाशे किलोमीटर उंचीच्या भिंती. पट्टी सेकंदाला बाराशे किलोमीटरहून जास्त वेगाने गरगर फिरते, म्हणून आतल्या माणसाचे पाय जमिनीला टेकतात. रात्र व्हावी म्हणून ताऱ्याजवळ भलेमोठे चौकोनी पडदे फिरत ठेवलेत. सगळी मिळून जमीन तीस लाख पृथ्व्यांएवढी. लेखकाला एवढं सुचल्यावर बाकी पात्रं घिसीपिटी निघाली तरी मी त्याला काही बोलणार नाही.

माझा भाचा बोलतो. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकाशाच्या वेगाला हरवणारं यान त्याने मुकाट्याने मान्य केलं. तीन पायांचा, दोन डोक्यांचा परग्रहवासी मान्य केला. पण कडं ज्या पदार्थाचं बनवलंय तो पदार्थ त्याच्या घशाखाली उतरेना. इतक्या वेगाने फिरणारी पट्टी तुटू नये तर तिला किती ताण सोसावा लागेल, याचं गणित त्याने शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मांडून ठेवलंय. खाली दोनदा अधोरेखित केलेलं उत्तर आणि पुढे एकच शब्द: ‘अशक्य’. पुस्तक खराब केलंस म्हणून मी रागावलो, तर म्हणाला, “मामा, मी दुरुस्त केलंय.”

खालच्या मजल्यावरचे काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. सिग्नल बिघडला तर तो लालच झाला पाहिजे, या तत्त्वावर त्यांची उभी नोकरी गेली. त्यांना ताणबिण काही खटकलं नाही. त्यांनी बोट ठेवलं यानावर. दोन डोक्यांच्या जमातीने बनवलेलं त्या यानाचं मुख्य कवच कशानेही न फुटणारं आहे, आणि इंजिनं मात्र कवचाबाहेर, पंखावर बसवलेली. कड्याच्या संरक्षणयंत्रणेचा झोत येतो, बाहेरचं सगळं जळून खाक होतं, आणि आतली माणसं धडधाकट राहून दगडासारखी खाली पडतात. “अभेद्य पेटी बनवायची आणि इंजिन बाहेर टांगायचं? हा नकाशा मंजूर कोणी केला? वर ती दोन डोक्यांची जमात म्हणे विश्वात सगळ्यात भित्री!” काका आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला हे ऐकवत होते, ज्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं त्यांनासुद्धा.

आत्याचं मत या सगळ्यांहून तिखट. नायक दोनशे वर्षांचा, त्याच्याबरोबरची टीला वीस वर्षांची. “दोनशे वर्षांचा घोडा!” एवढंच म्हणून तिने तो विषय मिटवला. पण पुढचा मुद्दा तिने सोडला नाही. या कथेत दोन परक्या जमाती आहेत, एक दोन डोक्यांची आणि एक वाघासारखी, आणि दोन्ही जमातींत बायकांना बुद्धीच दिलेली नाही. “एका ठिकाणी असतं तर म्हटलं असतं, असेल बाबा तिकडचं जीवशास्त्र. दोन्हीकडे? विज्ञान कसलं, ही लेखकाची सोय.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आत्याची आणखी एक तक्रार होती: एवढं वाचून शिकले काय? यात तिचा दोष नाही. आपल्याकडे विज्ञानकथेला आधी चारित्र्याचा दाखला मागतात, कारण तिची गोडी आपल्याला खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञाने लावली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिला नंबर काढला. तेव्हापासून कथा संपल्यावर फळ्यावर काहीतरी उरलेलं दिसावं, अशी आत्याच्या पिढीची अपेक्षा. निव्हेनच्या फळ्यावर उरतं ते बहुतेक वाचकांनीच लिहिलेलं.

हे अक्षरशः खरं आहे. १९७१ साली बॉस्टनमध्ये जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं होतं. तिथे एमआयटी या अमेरिकन तंत्रविद्यापीठाचे विद्यार्थी हॉटेलच्या बोळांतून घोषणा देत फिरले: रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! मोर्चाच, फक्त मागणी गतिशास्त्राची. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह जरा हलला तरी आपली कक्षा सांभाळतो. सलग, कडक कड्याचं तसं नाही. ते मधोमध आहे तोवर ठीक. किंचित सरकलं की जी बाजू ताऱ्याजवळ येते तिला तारा जास्त जोराने ओढतो, ते आणखी सरकतं आणि शेवटी जाऊन ताऱ्यावर आदळतं. शनीचं कडं असं एकसंध असूच शकत नाही, ते असंख्य सुट्या कणांचंच असणार, हे मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये छापलेल्या निबंधात दाखवून दिलं होतं. म्हणजे विद्यार्थ्यांच्या बाजूने शंभरेक वर्षांचा जुना साक्षीदार उभा होता.

त्याआधीच पहिल्या आवृत्तीत एक गोची सापडली होती. नायक आपला दोनशेवा वाढदिवस लांबवण्यासाठी शहरामागून शहर क्षणात पार करत जातो. दिवस लांबवायचा तर जायला हवं पश्चिमेकडे. हा निघाला पूर्वेला. पृथ्वी उलटी फिरवली! पुढच्या छपाईत ते दुरुस्त झालं, आणि चुकीची पहिली प्रत आता संग्राहकांना हवीशी वाटते. फ्लोरिडातल्या एका शाळेच्या मुलांनी आणखी हिशेब केला: काही हजार वर्षांत कड्यावरची सगळी सुपीक माती वाहून समुद्रात जाईल आणि परत वर यायला वाटच नाही.

निव्हेनने काय करावं? त्याने पुढचा भाग लिहिला. त्यात कड्याच्या भिंतींवर तोल सावरणारी इंजिनं बसवली आणि समुद्रतळाचा गाळ नळांनी उचलून पुन्हा डोंगरांवर ओतायची सोयही केली. वाचकांच्या तक्रारींवर एवढी बांधकामं काढलेला दुसरा लेखक मला माहीत नाही. नगरपालिकेने हा आदर्श घ्यायला हरकत नाही.

मजा अशी की त्या बोळातल्या घोषणांमध्ये टोळीबद्दल एक शब्द नव्हता. यान पुन्हा कोसळलं, परके लोक पुन्हा पाया पडले, याचं कुणाला काही वाटलं नाही. तमाशाला बसलेला माणूस गणानंतर गवळण लागली म्हणून उठून जात नाही. मावशी आली नाही तरच ओरडतो. ठरलेला क्रम असतो म्हणूनच आज सोंगाड्या काय नवं बोलला इकडे लक्ष राहतं. ‘हे सगळं आधी वाचलंय’ असा शेरा मारणाऱ्यांनी पुस्तक मधेच टाकलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांना खरं खटकलेलं असतं दुसरंच, आणि ते शोधायला जरा खणावं लागतं. भाच्याने प्रकाशाचा वेग सोडून दिला आणि धातूपाशी अडला. काकांनी धातू सोडला आणि इंजिनापाशी अडले. थाप किती मोठी आहे याला महत्त्व नाही. ती आपल्या गल्लीतून जाते का, एवढंच आपण बघतो.

मामेसासरे तर उलट्या कारणाने फिदा. कथेत पृथ्वीवर जास्तीचं मूल होऊ देण्याची परवानगी सोडतीवर मिळते आणि टीलाच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सोडत लागत आलेली. म्हणून नशीब तिच्या रक्तातच मुरलंय, असा त्या भित्र्या जमातीचा कयास. मामेसासरे न चुकता लॉटरीचं तिकीट काढतात. सगळ्या पुस्तकात हेच एक त्यांना शास्त्रीय वाटलं.

माझं म्हणाल तर मला तिथलं आकाश आवडतं. कड्यावर उभं राहून वर पाहिलं की पलीकडचा भाग डोक्यावरून कमानीसारखा जातो, आणि तिथल्या लोकांना ती खरोखरची कमान वाटते. एक पठ्ठ्या तर तिचा पायथा गाठायला निघालेला आहे. बिचाऱ्याला कोण सांगणार! आणि माझा राग आहे तो लेखकाच्या घाईवर. तीस लाख पृथ्व्या हाताशी असताना माणूस इतक्या लवकर पुस्तक आटोपतो?

सध्या प्रत आतेभावाच्या बायकोकडे आहे. ती दातांची डॉक्टर. त्या दोन डोक्यांच्या प्राण्यांना हात नाहीत. तोंडांनीच ते यंत्रं चालवतात, तोंडांनीच वस्तू उचलतात. काल रात्री तिचा निरोप आला: “भावोजी, साठाव्या पानावर आहे. यान, वेग, सगळं ठीक. पण इतक्या ठिकाणी तोंड घालतो हा प्राणी, एकदा तरी चूळ भरताना दाखवायला नको?”