‘कोणाला कधी कळलं’ वही, नोंद सहावी : भीष्म आधीच पडले आहेत

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की तीन रकान्यांची वही आता एखाद्या लांबलचक कथेवर चालवून बघायची. नव्याने वाचणाऱ्यांसाठी पद्धत थोडक्यात सांगतो. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. पहिल्या रकान्यात त्या क्षणी पात्राला काय ठाऊक आहे ते, दुसऱ्यात सांगणाऱ्याला काय ठाऊक आहे ते, तिसऱ्यात ऐकणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे ते. प्रतीकं, आशयसूत्रं, लेखकाचं चरित्र यातलं काही लिहायचं नाही. फक्त कळण्याचा हिशोब.

पाचव्या नोंदीत जपानी लेखक अकुतागावाची 1922 सालची, बांबूच्या राईतल्या खुनाची कथा आणि तिच्यावरून दिग्दर्शक कुरोसावाने 1950 मध्ये केलेला ‘राशोमोन’ हा चित्रपट शेजारी शेजारी ठेवले होते. कथेत सात जबान्या एकामागून एक येतात आणि त्या ताडून बघणारं कोणी नाही, म्हणून तिसरा रकाना शेवटपर्यंत प्रश्नचिन्हांनी भरलेला. कुरोसावाने पावसात वेशीखाली बोलत बसलेली माणसं आणली, लाकूडतोड्याला दुसऱ्यांदा बोलायला लावलं आणि प्रेक्षकाला उभं राहायला जागा करून दिली. तो भाग तिथे संपला होता. या वेळी अगदी उलट टोकाची कथा घेतली, जिथे तिसरा रकाना पहिल्या ओळीआधीच भरलेला असतो.

महाभारतातलं भीष्मपर्व. तीन आठवडे त्यातच गेले आणि गीता संपेपर्यंतच पोचलो.

सुरुवातीलाच चूक झाली. मी गीतेपासून ओळी भरायला घेतल्या. मनात चित्र असं की राजवाड्यात बसलेल्या धृतराष्ट्राला संजय युद्ध चालू असतानाच सगळं सांगतो आहे, चालू सामन्याचं धावतं वर्णन करावं तसं. दूरदर्शनवर 1988 ते 1990 या काळात चाललेल्या ‘महाभारत’ मालिकेने हे चित्र घराघरांत पोचवलं आणि माझ्याही डोक्यात तेच पक्कं होतं. पहिल्या दोन पानांवर ‘धृतराष्ट्र : निकाल माहीत नाही’ असं लिहीत गेलो. मग मागची पानं चाळली आणि ती दोन्ही पानं फाडावी लागली.

ग्रंथात क्रम असा आहे : व्यास संजयाला दिव्यदृष्टी देतात, मग भूगोलाचं मोठं वर्णन येतं, आणि त्यानंतर संजय रणभूमीवरून धावत परत येतो तो एकच बातमी घेऊन. ‘हतो भीष्मः’, भीष्म मारले गेले. तोवर युद्धाचे दहा दिवस उलटून गेलेले आहेत. धृतराष्ट्र कोसळतो, विलाप करतो, हे झालं कसं म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो, आणि मग संजय पहिल्या दिवसापासून सांगायला लागतो. गीता त्या सांगण्यात येते. म्हणजे अर्जुन धनुष्य खाली टाकतो आणि समोर भीष्म-द्रोण उभे आहेत म्हणून थरथरतो, ते ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला भीष्म पडल्याचं आधीच कळलेलं आहे.

(इथे एक दुरुस्तीही करावी लागली. संजय ‘हत’ म्हणतो, पण भीष्म तेव्हा शरशय्येवर आहेत, प्राण सोडतात ते उत्तरायण लागल्यावर, पार अनुशासनपर्वाच्या शेवटी. माझ्या वहीत ‘मृत्यू’ असं होतं, ते खोडून ‘पतन’ केलं. सांगणारा जे बोलतो आणि जे घडलेलं असतं, त्यांतला फरकही नोंदवायला हवा हे त्यातून शिकलो.)

हे कळल्यावर गीतेचा पहिला श्लोक मला निराळाच ऐकू यायला लागला. सातशे श्लोकांत धृतराष्ट्राच्या वाट्याला हा एकच आहे. ‘मामकाः पाण्डवाश्चैव किमकुर्वत सञ्जय.’ त्यातलं ‘अकुर्वत’ हे भूतकाळाचं रूप आहे. काय करताहेत असं तो विचारत नाही, काय केलं असं विचारतो. पाठांतरात हा श्लोक असंख्य वेळा तोंडातून गेला होता, पण त्या क्रियापदाचा काळ कधी जाणवला नव्हता. वहीमुळे जाणवला.

आता रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याच्या टेबलाखालच्या बॉम्बबद्दल. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोबरोबरच्या मुलाखतीतलं ते उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे : बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का, आणि बॉम्ब आहे हे त्याला आधीच सांगितलं तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. मी इतके दिवस सगळ्या कथा या दोन खणांत टाकत होतो. भीष्मपर्व त्यांतल्या कुठल्याच खणात बसत नाही, कारण इथे बॉम्ब फुटून गेलेला आहे. ऐकणारा ढिगाऱ्यात बसून टेबलावर काय काय बोलणं झालं ते विचारतो आहे. त्यात धक्का नाही आणि उत्कंठाही नाही. काय उरतं ते मला अजून नेमकं मांडता येत नाही. सध्या वहीत ‘उशिराचं ऐकणं’ असा शब्द वापरतो आहे. ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्यात जिथून मागे फिरता आलं असतं अशी एक जागा दिसते, आणि ती जागा हातातून गेलेली असते. मला वाटतं हीच या रचनेची खरी ताकद आहे, आणि धावत्या वर्णनाच्या चित्रात नेमकी तीच हरवते.

मालिकेला मात्र दोष द्यायचा नाही. आठवड्याला एक भाग दाखवायचा तर पुढे काय होणार ही ओढ लागतेच. शिवाय ‘आधीच सगळं जाणणारा’ ही जागा तिथे रद्द झालेली नाही, ती ‘समय’ या निवेदकाच्या आवाजाकडे गेली आहे. रकाना तोच, बसणारा बदलला. फरक एवढाच की समयाचं त्या युद्धात कोणी मेलेलं नाही.

दुसरा आठवडा अकराव्या अध्यायात गेला. कथनाचा अभ्यास करणाऱ्या फ्रेंच समीक्षक जेनेटने 1972 मध्ये ‘कोण बघतं’ आणि ‘कोण बोलतं’ हे दोन प्रश्न वेगळे केले, त्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा मला तरी सापडलेली नाही. विश्वरूप अर्जुनाला दाखवलं जातं, पण ‘दिवि सूर्यसहस्रस्य’ हे शब्द अर्जुनाचे नाहीत, संजयाचे आहेत. नवव्यापासून चौदाव्या श्लोकापर्यंत तोच बोलतो आणि पंधराव्यापासून अर्जुन. हजार सूर्य एकदम उगवल्याची उपमा पहिल्यांदा एका आंधळ्या माणसासमोर उच्चारली जाते. इथे पेन खाली ठेवून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

शेवटी संजय म्हणतो की हा संवाद आठवून मला पुन्हा पुन्हा हर्ष होतो, आणि जिथे कृष्ण आणि पार्थ तिथे विजय. हे तो हरणाऱ्या बाजूच्या बापाला सांगतो आहे. गीतेत धृतराष्ट्र यावर काहीच बोलत नाही. ही शांतता ज्ञानेश्वरांना दिसली होती, हे मला या निमित्ताने कळलं. ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या शेवटीच संजयाचा आनंद ओसंडतो आहे आणि म्हातारा मात्र पुराच्या पाण्यात रेडा बसून राहावा तसा ढिम्म आहे, असं चित्र येतं. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर त्यांनी एका उपमेत दाखवलं. मी तीन आठवडे रकाने आखत होतो ते याच अंतरासाठी.

तिसरा रकाना आता फोडावा लागला आहे. संजय धृतराष्ट्राला सांगतो, ते वैशंपायन जनमेजयाला सर्पसत्रात, म्हणजे सापांच्या नाशासाठी मांडलेल्या यज्ञात, सांगतो, ते उग्रश्रवा सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो, आणि मग आपण. यातला जनमेजय फार महत्त्वाचा निघाला. तो अर्जुनाचा पणतू. पांडवांचा वंश टिकला हे त्याला कोणी सांगायची गरजच नाही, तो स्वतःच त्याचा पुरावा म्हणून समोर बसलेला आहे.

बातमी आधी आणि हकिकत मागून हा क्रम द्रोण, कर्ण आणि शल्य या तिन्ही पर्वांच्या तोंडाशी पुन्हा येतो. आदिपर्वात तर धृतराष्ट्राच्या तोंडी जवळजवळ सगळं कथानकच येऊन जातं, दर श्लोकाच्या शेवटी ‘तदा नाशंसे विजयाय संजय’, म्हणजे तेव्हाच मला विजयाची आशा उरली नाही. त्याचा वेगळा तक्ता करायचा आहे, पण घाई नाही.

पुढची नोंद द्रोणपर्वावर, फक्त तेराव्या दिवसापुरती. अभिमन्यूचा वध धृतराष्ट्राला ऐकवला जातो तेव्हा तो त्याच्या सैन्याने मारलेला, पुतण्याचा मुलगा असतो. तीच कथा जनमेजय ऐकतो तेव्हा तो त्याचा आजोबा असतो, बापाच्या जन्माआधीच गेलेला. एका ओळीसमोर दोन रकाने. कोणी यावर आधी काम केलं असेल तर तुमच्या वहीत जनमेजयासमोर काय लिहिलंत ते मला वाचायचं आहे.