शिवाजी पेठेतला सोनचाफा

माझ्या मागच्या पडवीत सोनचाफ्याची दोन रोपं आहेत. ती ज्या आजींची आहेत त्यांना काय सांगून द्यायची, हे माझं अजून ठरत नाही.

जुलैत त्या ओल्या फडक्यात फांद्या गुंडाळून आमच्या नर्सरीत आल्या. शिवाजी पेठेतलं घर बिल्डरला गेलेलं, परसातला सोनचाफा आठ दिवसांत तुटणार होता. सासूबाईंनी बी लावून वाढवलेलं झाड. त्याची फुलं वर्षानुवर्षं अंबाबाईला जायची. "ह्याच झाडाचं रोप पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी 14 वर्षं कलमं बांधते. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलियाच. पूर्वी मायकेलिया म्हणत, आता मॅग्नोलिया चंपाका. मोबाइलवर परदेशातले फोटो दाखवत 'मॅग्नोलिया आहे का' विचारणाऱ्यांना हे सांगून मी थकले. परसातल्या झाडाची लोकांना किंमतच नसते. या कुळाची काडी जास्वंदीसारखी खोचली की लागली, असं होत नाही. म्हणून गुटी बांधतात, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडतात, नाहीतर भेट कलम करतात, म्हणजे झाडावरचीच फांदी कुंडीतल्या रोपाला जोडतात. पण दोन्हीला मूळ झाड दोन-तीन महिने उभं लागतं. पाचर कलमात काडी दुसऱ्या रोपाच्या चिरलेल्या बुंध्यात बसवतात. त्याला पेन्सिलीएवढे खुंट, म्हणजे खालची मुळांसकटची रोपं, लागतात, ते आमच्याकडचे मेमध्येच संपले होते. उरलं छाट कलम, म्हणजे तोडलेल्या काडीलाच मुळं फोडायची.

मालक म्हणाले, "आपल्यातलं एक कलम देऊन टाका की. सोनचाफा तो सोनचाफा. वर्ष-दोन वर्षांत फूल बघतील, खूश होतील." मला ती चोरी वाटली. मिस्ट चेंबरमध्ये, म्हणजे काड्यांवर सतत पाण्याचं धुकं सोडणाऱ्या खोलीत, या कामाला जागा मिळणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मग सगळं घरी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या माळीमामांना घेऊन झाडापाशी गेले. आजींच्या फांद्या शेंड्याच्या, कळ्या धरलेल्या, त्या बाद. मी मधल्या उंचीवरच्या निवडल्या, साल हिरवीची तपकिरी होऊ लागलेल्या. मामा मात्र बुंध्याशी वाकले. तिथं धुमारे फुटले होते. "वरलं लाकूड म्हातारं झालंय, पोरी. हितलं अजून पोर हाय." झाड बियांचं होतं म्हणून हे चालणार होतं, कलमाचं असतं तर ते धुमारे खुंटाचे निघाले असते. मला ते फार बारीक वाटले. मामांचं मन राखायला सहा घेतले. वरच्या काड्या 36.

पेराच्या लगेच खाली धारदार काप दिला. बुडख्याची एका बाजूची साल बोटभर खरवडून आतला हिरवा थर उघडा केला. वर दोनच पानं ठेवली, तीही अर्धी कापून. मुळं फोडणारं औषध म्हणजे आयबीए, ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी स्पिरिटमध्ये, मग पाणी घालून 100 मिली. त्यात पावडर 300 मिलिग्रॅम, म्हणजे 3000 पीपीएम. बुडखा त्यात पाचच सेकंद. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं. त्यात आधी भोक पाडून मगच काडी लावायची, नाहीतर औषध वाळूलाच पुसलं जातं. क्रेटवर तारेच्या कमानी आणि पारदर्शक प्लास्टिक. रोज एकदा ते उचलून आतले थेंब झटकायचे. आमच्या पावसात काडी सुकण्यापेक्षा कुजण्याची भीती जास्त.

पाचव्या आठवड्यात वरच्या अकरा काड्यांना पालवी फुटली. मी लगेच आजींना फोन केला. संध्याकाळी त्या पेढे घेऊन आल्या आणि एका इवल्या पानावर बराच वेळ बोट फिरवत बसल्या.

तीन आठवड्यांत त्या अकराही काड्यांनी माना टाकल्या. उपटून बघितलं तर बुडाशी पांढरट गाठ, मूळ एकही नाही. काडीत साठलेल्या अन्नावर पानं फुटतात, पानं म्हणजे मुळं नव्हेत, हे नर्सरीत नव्या पोरांना मीच शिकवते. तरी मी फोन केला. पालवी गेल्याचं सांगायला दुसरा फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं बाई."

वरच्या 36 मधली एकही लागली नाही. मुळं धरली ती मामांच्या सहांतल्या दोघांनी, बाराव्या आठवड्यात. चाफ्याची मुळं जाड, मांसल असतात आणि जरा धक्का लागला की मोडतात. कुंडीत हलवताना वाळूचा गड्डा मी दोन्ही तळव्यांवर उचलला आणि मामांनी खालून पिशवी धरली.

मामा म्हणाले ते खरं ठरलं, पण पोर लाकडाला फूलही उशिरा येतं. बियांचा सोनचाफा आठ-दहा वर्षं थांबवतो आणि ही दोन रोपंही तशीच थांबवतील अशी मला भीती आहे. आजी 77 वर्षांच्या आहेत. मालकांचं कलम दिलं असतं तर पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांनी देवीला फूल वाहिलं असतं, फक्त ते त्यांच्या झाडाचं नसतं.

परवा त्यांचाच फोन आला. मुलाच्या फ्लॅटच्या गॅलरीत मोठा ड्रम आणून ठेवलाय म्हणाल्या. "फूल कधी येईल गं?"

"येईल, आजी," म्हटलं. किती वर्षांनी, ते माझ्या तोंडून निघालं नाही.