विकलेल्या गाडीचा दावा माझ्या नावावर

पाकिटावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, सातारा असं छापलेलं होतं आणि आत माझं नाव सामनेवाले क्रमांक 1 म्हणून, म्हणजे ज्यांच्यावर दावा लावलाय त्यांत पहिलं. अपघात झाला त्याच्या बऱ्याच आधी मी ती वॅगन आर विकून मोकळी झाले होते. ओळखीतलंच गिऱ्हाईक. पैसे चेकने आले, आरटीओत मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, करार नोटरी केला, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून डिलिव्हरी नोट केली. "ताई, पुढच्या आठवड्यात नावावर करून घेतो," असं म्हणून गृहस्थ गाडी घेऊन गेले.

समन्सच्या आधी पोलिसांचा फोन येऊन गेला होता. गाडी कोण चालवत होतं हे मालकाने सांगावं लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम 133. मी घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि डिलिव्हरी नोटची प्रत दिली. फौजदारी केस गाडी चालवणाऱ्यावर झाली, त्यात माझा काही संबंध उरला नाही. म्हणूनच हे पाकीट बघून जास्त संताप आला.

वकीलबाईंनी कागद चाळले. "विक्री खरीच आहे हो, त्याबद्दल वाद नाही. पण जखमी माणसाच्या दृष्टीने मालक तुम्हीच." कलम 2(30) प्रमाणे गाडीची नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, आणि आरसीवर अजून माझंच नाव होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे पुन्हा ठासून सांगितलं आहे. त्या प्रकरणात गाडी 2007 मध्ये विकली गेली, मग हातोहात आणखी पुढे गेली, अपघात 2009 मध्ये झाला, आणि भरपाईची जबाबदारी मात्र कागदोपत्री पहिल्याच मालकावर आली. जखमी झालेल्याने किंवा त्याच्या घरच्यांनी गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरायचं का, असा न्यायालयाचा विचार. माझ्या दाव्यातला अर्जदार दुचाकीवरून कामाला जाणारा माणूस होता, पायाचं हाड मोडून घरी बसलेला. त्याच्याकडे काय होतं? गाडीचा नंबर. तेवढ्यावर तो माझ्यापर्यंत पोचला, यात त्याचं काय चुकलं? राग घेणाऱ्या गृहस्थांवर होता, तो तिथेच ठेवला.

वकीलबाईंनी लगेच विचारलं, "अपघाताच्या दिवशी विमा होता का?" हे मला कुठे माहीत! फोनवर फोन केल्यावर त्या गृहस्थांनी पॉलिसीचा फोटो पाठवला. माझ्याच नावाची! माझा विमा संपल्यावर त्यांनी तो एजंटकडून माझ्याच नावाने पुढे चालू ठेवला होता, कारण आरसी माझी. मला वाटलं, आता आणखी एक भानगड. पण बाईंचा चेहरा खुलला.

विमा कंपनीने आपल्या म्हणण्यात अपेक्षेप्रमाणे मुद्दा काढला: गाडी विकल्यावर या बाईंचा गाडीशी संबंध राहिला नाही, मग त्यांच्या नावाची पॉलिसी आम्हाला कशी बांधील? त्यावर पुष्पा ऊर्फ लीला विरुद्ध शकुंतला हा 2011 चा निकाल तंतोतंत लागू पडला. तिथे एक ट्रक होता. विकलेला, पण नाव जुन्या मालकाचं आणि विक्रीनंतरची पॉलिसीही त्याच्याच नावाची. न्यायालय म्हणालं, कायद्याने तोच मालक, आणि मालकाच्या नावाने पॉलिसी दिलीत तर भरपाई भरा. थोडक्यात, ज्या तरतुदीने मला दाव्यात ओढलं त्याच तरतुदीने कंपनीलाही बांधलं. चालकाचा परवाना वैध निघाला, त्यामुळे कंपनीला दुसरी पळवाटही उरली नाही. परवाना नसता तर कंपनीने आधी भरपाई भरून नंतर ती मालकाकडून, म्हणजे माझ्याकडूनच, वसूल करायची मुभा मागितली असती.

आमचं म्हणणं छोटंसंच होतं. विक्रीचे कागद जोडले, पॉलिसीचा तपशील दिला आणि घेणाऱ्यालाही सामनेवाला करा असा अर्ज केला. तो मंजूर झाला. तारखा पडत राहिल्या. सातारा स्टँडवरच्या चहाची सवय लागली म्हणा ना. शेवटी राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनी आणि अर्जदार यांची तडजोड झाली आणि रक्कम कंपनीने भरली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे विषय तिथेच मिटला. माझा खर्च झाला तो वकिलांची फी आणि एसटीचा.

मग तो नोटरी केलेला करार कशासाठी, असं मी विचारलंच. पॉलिसी नसती तर भरपाई माझ्याकडून वसूल झाली असती, आणि ते पैसे त्या गृहस्थांकडून परत मागायला मला दिवाणी दावा लावावा लागला असता. करार तिथे कामाचा. अर्जदारापुढे त्याची किंमत शून्य. कलम 50 सांगतं की विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवावं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. पण आपल्याकडे सह्या केलेले फॉर्म एजंटच्या पिशवीत महिनोन् महिने फिरतात. फॉर्म 29 दोन प्रतींत असतो. एक प्रत स्वतः आरटीओत देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा, असं बाई म्हणाल्या, मात्र आरटीओच्या पोर्टलवर नाव बदललेलं दिसेपर्यंत त्या शिक्क्यावरही विसंबू नये.

दावा मिटला तरी गाडी माझ्याच नावावर होती. वकिलांची नोटीस गेल्यावर गृहस्थ हलले. वेगात गाडी हाकल्याची ई-चलानं थकली होती, ती आधी भरली, मग ऑनलाइन अर्ज केला. ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार म्हणून त्यांचा फोन: "ताई, जरा पटकन सांगा, वेळ संपेल." मी चलान भरल्याच्या पावत्या व्हॉट्सॲपवर मागून घेतल्या, चष्मा लावून एकेक तपासली आणि मग आकडे वाचून दाखवले. पहिला ओटीपी तोवर संपला होता. दुसरा मागवावा लागला.